क्रँकचं मागचं ऑइल सील: तेल लावून की कोरडं?

सातपूरकर
चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन खोललंय, फ्लायव्हीलकडचं सील बसवायचं राहिलंय. नवं सील नाशिकच्या द्वारकाजवळून आणलं, त्याच्या आत प्लास्टिकची रिंग आहे. मिस्त्री म्हणतात तेल लाव, दुकानदार म्हणतो थेंबही लावू नको. शिवाय जुनं सील घासायचं तिथे क्रँकवर रेघ पडलीय. काय करू?

घाटवाट
आधी ओठ, म्हणजे सीलची क्रँकला टेकणारी आतली कड, बघा दादा. सपाट, रुंद आणि स्प्रिंग नसलेला असेल तर सील टेफ्लॉनचं. ते पूर्ण कोरडं बसवायचं, क्रँकही पुसून कोरडा. फिरताना टेफ्लॉनचा बारीक थर क्रँकवर चढतो आणि तोच तेल अडवतो. मध्ये तेल आलं की थर धरत नाही. ती रिंग आधी काढून ठेवू नका, ओठ आकसतो. क्रँकला टेकवून सील तिच्यावरूनच सरकवा. बसवल्यावर निदान चार तास सेल्फ मारू नका.

स्प्रिंगवालं रबरी सील असेल तर बरोबर उलटं. ओठाला इंजिन ऑइल, स्प्रिंगच्या खाचेत थोडं ग्रीस, म्हणजे ठोकताना स्प्रिंग उडत नाही. स्प्रिंगची बाजू तेलाकडे. हे कोरडं फिरलं तर ओठ सुरुवातीलाच जळतो.

लेथवाला
रेघेवर नख आडवं फिरवा. अडकत नसेल तर बारीक एमरी पेपर तेलात भिजवून गोल फिरवा आणि सगळं पुसून काढा. लांबीच्या दिशेने घासू नका, त्या ओरखड्यांतूनच तेल बाहेर येतं. नख अडकलं तर स्लीव्ह, म्हणजे घासलेल्या जागेवर बसणारी पातळ धातूची नळी, चढवा. तिची जाडी साधारण 0.28 मिमी, त्यामुळे सील मूळ मापाचंच चालतं.

घाटवाट
एक राहिलं. सील तिरकं बसलं तर बाकी सगळं वाया. बाहेरच्या कडेवर सगळीकडे टेकेल असा सपाट पाइपचा तुकडा घ्या, थेट हातोडी नको. मग व्हर्नियरने चार ठिकाणी खोली मोजा. अर्ध्या मिमीच्या वर फरक असेल तर सील गळणारच. ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे क्रँककेसमधला गॅस बाहेर काढणारा व्हॉल्व्ह, तोही साफ करा. तो तुंबला की कसारा घाटात लोड आल्यावर क्रँककेसमध्ये प्रेशर साठतं आणि चांगलं सीलही तेल सोडतं.

सातपूरकर
ओठ सपाट आहे, स्प्रिंग नाही. नख अडकतंय. आधी स्लीव्ह, मग सील कोरडंच. स्लीव्हसाठी व्यास रेघेवर घ्यायचा ना?

लेथवाला
नाही भाऊ, रेघेच्या बाजूला, न घासलेल्या जागी. मायक्रोमीटरने तीन ठिकाणी घ्या आणि सरासरी धरा.