साधा एमआरआय झाल्यावर फंक्शनल कशाला?

ताई, भाऊजींच्या मेंदूतल्या गाठीच्या ऑपरेशनआधी साध्या एमआरआयनंतर आणखी फंक्शनल एमआरआय म्हणजे नुसता खर्च, असं तुम्हाला वाटतंय. माझ्या काकांची गाठ डावीकडे, बोलण्याच्या केंद्राला लागून होती, म्हणून कळकळीने लिहितेय. साध्या एमआरआयमध्ये गाठ दिसते. फंक्शनलमध्ये रुग्ण मनात शब्द आठवतो तेव्हा मेंदूचा कुठला भाग कामाला लागतो, ते रक्तातल्या प्राणवायूच्या बदलावरून कळतं. (काकांनी राजारामपुरीतल्या दुकानांची नावं आठवली!) डीटीआय या एमआरआयच्याच आणखी एका प्रकारात पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून मज्जातंतूंचे मार्ग आखतात, गाठीने ते बाजूला सारलेत की ती त्यांत शिरलीय, याचा अंदाज सर्जनला आधीच येतो. कवटी उघडल्यावर मेंदू जरा सरकतो आणि आधीचा नकाशा तंतोतंत जुळत नाही, म्हणून ऑपरेशन चालू असताना काकांना जागं ठेवून बोलतंही केलं होतं. भाऊजींची गाठ बोलण्याच्या किंवा हातापायाच्या केंद्राजवळ आहे का, एवढं डॉक्टरांना उद्याच विचारा.