एअरबॅगचा रिकॉल आणि न येणारा पार्ट

स्नेहल (सी-४०२): मंडळी, एक विचारायचं होतं. आमच्या गाडीच्या ड्रायव्हर साइडच्या एअरबॅगसाठी कंपनीचं रिकॉलचं, म्हणजे सदोष पार्ट फुकट बदलायला गाडी परत बोलावल्याचं, पत्र आलंय. "तातडीने अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा" असं ठळक अक्षरात. साधला. ते म्हणतात पार्ट नाही, आला की आम्हीच फोन करू. पत्र येऊन बरेच महिने झाले, फोन काही येत नाही. तोवर गाडी चालवायची की नाही, हे कुणी धड सांगत नाही. कुणाला अनुभव आहे का?

अमेय (ए-१०१): ताई, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटलेला राहतो का? नसेल तर टेन्शन घेऊ नका. कंपन्या स्वतःची कातडी वाचवायला सरसकट पत्रं पाठवतात.

स्नेहल: नाही, दिवा लागत नाही. चावी फिरवली की क्षणभर येतो आणि जातो.

राहुल (बी-२०३): आमच्याकडे उलटी तऱ्हा. दिवा कायम पेटलेला, वर हॉर्नही गेला. सर्व्हिस सेंटर म्हणतं स्टेअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग तुटलीय, तुमची गाडी रिकॉलमध्ये बसत नाही, पैसे भरा. त्याच मॉडेलच्या आधीच्या वर्षीच्या गाड्यांना मात्र हाच पार्ट फुकट बदलून देतायत.

सचिव: नम्र सूचना, चर्चा जरूर करा, पण कंपनी आणि सर्व्हिस सेंटर यांची नावं ग्रुपवर टाकू नका. उद्या नोटीस आली तर धावपळ मलाच करावी लागते.

जोगळेकर काका (ए-५०४): अमेय, दिवा नाही म्हणजे सगळं ठीक, हे इथे लागू होत नाही. तो दिवा काय तपासतो ते बघ. चावी फिरवली की कंट्रोल युनिट वायरिंग आणि सेन्सर चाचपून बघतं. वायर तुटली, कनेक्टर ढिला झाला, सेन्सर गेला, तर दिवा पेटतो. राहुलचं तेच झालंय. पण बॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरच्या बंद डब्यातलं स्फोटक खराब झालंय का, हे कळायला त्या युनिटकडे काही साधनच नाही. राहुलच्या गाडीत धोका हा की बॅग उघडणारच नाही. स्नेहलच्या गाडीत कदाचित उघडेल, पण डबा फोडून उघडेल. स्नेहल, पत्रात दोषाचं वर्णन असेल, तेवढी ओळ टाक बघू.

स्नेहल: हे घ्या काका. "कालांतराने उष्णता व आर्द्रतेमुळे प्रोपेलंटची झीज होऊन एअरबॅग उघडताना इन्फ्लेटर फुटण्याची व धातूचे तुकडे प्रवाशांना लागण्याची शक्यता आहे."

जोगळेकर काका: मग हा ताकाता जातीचाच दोष. जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

एअरबॅगमध्ये पंप नसतो. साधारण ३० मिलिसेकंदांत पिशवी फुगवायची तर वायू जागच्या जागी जाळूनच तयार करावा लागतो. त्यासाठी स्टीलच्या छोट्या डब्यात स्फोटकाच्या (पत्रातलं प्रोपेलंट ते हेच) दाबून केलेल्या गोळ्या किंवा चकत्या भरतात. तोच इन्फ्लेटर. जपानच्या ताकाता कंपनीने २००० सालच्या आसपास यासाठी अमोनियम नायट्रेट वापरायला घेतलं. स्वस्त पडतं, डबाही लहान होतो. पण या रसायनाची खोड अशी की तापमान वरखाली झालं की त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, आणि ओलावाही ते धरून ठेवतं. गाडी वर्षानुवर्षं दिवसा तापते, रात्री निवते. त्यात दमट हवा. हळूहळू चकत्या भुसभुशीत होतात. ओंडका सावकाश जळतो आणि त्याचाच भुसा भडकतो, तसं होतं. वायू ठरल्यापेक्षा कितीतरी झपाट्याने बाहेर पडतो, डब्याला दाब सोसत नाही, तो फुटतो आणि त्याचे तुकडे पिशवी फाडून ड्रायव्हरच्या मानेच्या आणि चेहऱ्याच्या उंचीवर येतात. पुष्कळशा इन्फ्लेटरांत ओलावा शोषणारा पदार्थही घातलेला नव्हता.

अमेय: काका, पण ही जुनी भानगड ना? ती कंपनी बुडाली की केव्हाच.

जोगळेकर काका: जून २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी अमेरिकेत फसवणुकीचा गुन्हाही कबूल केला, गाडी कंपन्यांना दिलेले चाचण्यांचे आकडे फिरवलेले होते. कंपनी बुडाली म्हणून बसवलेले डबे थोडेच नाहीसे होतात? उलट दर वर्षी म्हातारे होतात, आणि या दोषात वय हाच खरा धोका. जून २०२५ मध्ये फ्रान्समध्ये एका महिलेचा याच कारणाने जीव गेला, तेव्हा तिथल्या सरकारने सिट्रोएन सी-३ आणि डीएस-३ या गाड्या ताबडतोब उभ्या करायला लावल्या. सुरुवात कुठे झाली होती माहितीये? २००८ साली होंडाने अमेरिकेत जेमतेम ४ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. तो आकडा वाढत वाढत एकट्या अमेरिकेत ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटरांवर गेला. एवढे नवे डबे बनवणार कोण? पार्ट नाही हे रडगाणं तिथून सुरू झालं.

शुभांगी काकू (सी-१०३): बाई गं. आम्ही गाडी सेकंडहँड घेतलीय. आम्हाला असलं काही पत्र आलेलं नाही, म्हणजे आम्ही सुटलो ना?

वैशाली (डी-३०१): काकू, उलट तुम्हीच आधी बघा. कंपनीच्या दफ्तरात ज्याचा पत्ता असतो त्याला पत्र जातं. आधीच्या मालकाने ते फाडून टाकलं असेल तर तुम्हाला कळणार कुठून? कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉल तपासायचं पान असतं. तिथे चासी नंबर टाका, गाडीवर उघडे असलेले रिकॉल दिसतात.

शुभांगी काकू: टाकला. "अवैध क्रमांक" म्हणतंय.

वैशाली: फोटो मला पर्सनलवर पाठवा, ग्रुपवर नको.

वैशाली: काकू, तुम्ही ओ टाकलाय, तिथे शून्य आहे. १७ अक्षरी चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, घोटाळा होऊ नये म्हणून. काचेच्या खालच्या कोपऱ्यात ड्रायव्हर साइडला पट्टी आहे का? तिच्यावरून पुन्हा वाचून घ्या.

शुभांगी काकू: चाललं! एक रिकॉल उघडा दिसतोय, पण तो एअरबॅगचा नाही, पुढच्या सीटमधल्या वजनाच्या सेन्सरचा आहे. म्हणजे किरकोळच ना?

जोगळेकर काका: किरकोळ नाही. शेजारच्या सीटवर मोठं माणूस आहे, लहान मूल आहे की सीट रिकामी आहे, हे त्या सेन्सरवरून ठरतं. तो चुकला तर मूल बसलेलं असताना बॅग पूर्ण जोराने उघडू शकते, किंवा मोठं माणूस असूनही उघडत नाही. नातवंडं मागेच बसवा. तसंही लहान मुलांनी मागेच बसावं.

सचिव: मध्ये लिहितोय, माफ करा. बी विंगची लिफ्ट उद्या सकाळी दुरुस्तीसाठी बंद राहील.

पाटील (डी-४०२): *फॉरवर्ड मेसेज* रिकॉल आला असेल तर घाबरू नका!! एअरबॅगचा फ्यूज काढून टाका, ५ मिनिटांत धोका संपतो. सर्वांना पाठवा 🙏

जोगळेकर काका: पाटील साहेब, कृपा करून हे पुढे पाठवू नका. बहुतेक गाड्यांत एकच कंट्रोल युनिट सगळ्या बॅगा सांभाळतं. अपघाताच्या वेळी सीटबेल्ट खेचून धरणारे प्रीटेन्शनरसुद्धा त्याच्यावरच. फ्यूज काढला तर एका सदोष डब्यापायी चांगलं चालणारं सगळं बंद पडलं. आणि कुणी घरी पाना घेऊन स्टेअरिंग उघडायला बसू नका. बॅटरीची वायर काढल्यावरही त्या युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज शिल्लक असतो.

पाटील: बरं. डिलीट करतो.

स्नेहल: काका, माझा प्रश्न तसाच राहिला. चालवू का नको?

जोगळेकर काका: आधी पत्रात "गाडी चालवू नका" असे शब्द आहेत का ते बघ. असतील तर विषय संपला, गाडी उभी. सगळ्या इन्फ्लेटरांचा धोका सारखा नसतो. अमेरिकेत २००१ ते २००३ सालच्या काही होंडा आणि अक्युरा गाड्यांतले डबे तपासले तेव्हा फुटण्याचं प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत निघालं. बाकीच्यांचं त्या मानाने फारच कमी. पत्रात तसे शब्द नसतील, तर मी काय करीन ते सांगतो. घरात दुसरी गाडी असेल तर ती वापरीन. शेजारच्या बाजूची बॅग सदोष असती तर ती सीट रिकामी ठेवून भागलं असतं, ड्रायव्हरच्या बाजूला ती सोय नाही. आणि आपण हळूच चालवतो, लांब जात नाही, यावर विसंबू नकोस. २००९ मध्ये अमेरिकेत जो पहिला बळी गेला तो पार्किंगच्या जागेतल्या धडकेत. बॅग उघडण्यापुरता दणका बसला की झालं.

स्नेहल: "चालवू नका" असं नाहीये. "शक्य तितक्या लवकर" असं आहे. आता हे शक्य कुणाच्या हातात, माझ्या की त्यांच्या?

स्नेहल: खरा वैताग कशाचा सांगू का? फोन केला की दर वेळी नवीन माणूस. पुन्हा चासी नंबर सांगा, पुन्हा मोबाइल नंबर सांगा. "मॅडम, पार्ट बॅकऑर्डरमध्ये आहे." कधी येईल? "सिस्टिममध्ये तारीख दिसत नाही." आणि फोन ठेवते न ठेवते तोच मेसेज, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, कृपया ५ स्टार द्या." तेच लोक सर्व्हिसिंगची तारीख जवळ आली की मात्र न चुकता फोन करतात.

राहुल: अगदी! आमच्याकडे तर मशीन लावून फॉल्ट कोड पुसला आणि म्हणाले झालं काम. गेटबाहेर पडून पहिलंच वळण घेतलं आणि दिवा परत हजर.

वैशाली: मी ग्राहक तक्रारींच्याच कामात आहे (गाड्यांच्या नाही), म्हणून आतली गोष्ट सांगते. फोनवरची तक्रार बंद करायला "ग्राहकास माहिती दिली" एवढा शेरा पुरतो. तुम्हाला पार्ट मिळाला की नाही, हा रकानाच नसतो. म्हणून मेल करा. तोही नुसत्या सर्व्हिस सेंटरला नको, कंपनीच्या ग्राहक विभागाला, आणि सर्व्हिस सेंटरला सीसीमध्ये ठेवा. मेलमध्ये व्यथा कमी आणि हो-नाही उत्तर द्यावं लागेल असे प्रश्न जास्त. "गाडी चालवणं सुरक्षित आहे का" हे लेखी विचारा. फोनवर बिनधास्त "हो हो, चालवा" म्हणणारा माणूस तेच लिहून द्यायला कचरतो. मग प्रकरण वरच्या माणसाकडे जातं.

जोगळेकर काका: वैशालीने लाखातलं सांगितलं. त्यात माझी एक भर. नवा इन्फ्लेटर कुठल्या रसायनाचा आणि हा कायमचा इलाज आहे की तात्पुरता, हेही विचारा. पार्टची टंचाई होती तेव्हा अमेरिकेत पुष्कळ गाड्यांत जुना डबा काढून त्याच जातीचा नवा कोरा डबा बसवला. नवा असल्याने काही वर्षं निर्धोक, म्हणून. पुढे त्याच गाड्या दुसऱ्यांदा बोलवाव्या लागल्या. कितीतरी मालक मात्र "आमचं झालंय की" म्हणून निवांत राहिले.

अमेय: हे असं चालतं? मग सरकारं काय करतात?

जोगळेकर काका: देशागणिक वेगळं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये ताकाताचा रिकॉल सक्तीचा केला आणि गाडी कंपन्यांना २०२० अखेरची मुदत घालून दिली. मालक फिरकेनात तेव्हा काही राज्यांत गाडीची नोंदणीच अडवली. माझ्या मते तेच योग्य. नुसत्या पत्राने काम होत नाही, आणि दोष दर वेळी कंपनीचाच असतो असंही नाही. पार्ट येऊन पडलेला असतो आणि मालकाला सवड नसते.

राहुल: काका, माझ्या क्लॉक स्प्रिंगचं काय? पैसे भरू का?

जोगळेकर काका: भर, पण भांडणं सोडू नकोस. ती म्हणजे स्टेअरिंग फिरत असताना बॅगेपर्यंत वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी. तुटली की बॅग, हॉर्न, स्टेअरिंगवरची बटणं सगळं जातं. रिकॉलच्या वादात महिनोन्महिने बॅगेविना फिरण्यात अर्थ नाही. पण जॉब कार्डवर फॉल्ट कोड आणि पार्ट नंबर लिहून घे, बिल जपून ठेव, जुना पार्ट मागून घे. तुझं वर्ष पुढेमागे रिकॉलमध्ये आलं तर पैसे परत मागायला हे लागेल. काही कंपन्या देतात. एक मात्र बघ, पार्ट नवा आणि अधिकृत हवा. अपघातातल्या गाडीतून काढलेला नको.

शुभांगी काकू: जुना पार्ट मागायचा, हे बरं सांगितलंत. मीपण मागणार.

जोगळेकर काका: सेन्सर मागा. स्नेहल, तू मात्र इन्फ्लेटर मागू नकोस! तो न फुटलेला स्फोटक डबा आहे, त्यांनाच नियमाप्रमाणे परत पाठवू दे. नव्याची वाहतूकही धोकादायक माल म्हणूनच होते, तो साध्या कुरिअरने येत नाही. उशिराला तेही एक कारण. तू पार्ट नंबर लिहिलेलं जॉब कार्ड घे आणि काम झाल्यावर वेबसाइटवर रिकॉल बंद झालेला दिसतोय का ते बघ.

स्नेहल: मेल लिहिलाय. वैशाली, नजर टाकशील?

"महोदय, माझ्या गाडीवर ड्रायव्हर एअरबॅग इन्फ्लेटरचा रिकॉल प्रलंबित आहे. पार्ट उपलब्ध नसल्याचे आपल्या सर्व्हिस सेंटरने सांगितले आहे. कृपया लेखी कळवावे: १) दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवणे सुरक्षित आहे काय? २) नसल्यास पर्यायी गाडी देणार काय? ३) बसवला जाणारा इन्फ्लेटर कायमस्वरूपी आहे की तात्पुरता? ४) पार्टसाठी माझी मागणी कोणत्या तारखेला नोंदवली आहे व तिचा क्रमांक काय?"

वैशाली: चौथा प्रश्न पहिला घे. त्यांनी मागणी नोंदवलेलीच नसेल, अशी मला दाट शंका आहे.

स्नेहल: केला. पाठवते.

राहुल: ताई, मी इन्फ्लेटरचा प्रश्न गाळून हाच मेल वापरतो.

स्नेहल: वापर की. आणि सचिव साहेब, आमची गाडी काही दिवस जागची हलणार नाही. बेवारस समजून तिच्यावर स्टिकर लावू नका.

सचिव: नोंद घेतली. पण पाण्याचा टँकर आला तर किल्ली वॉचमनकडे लागेल.

स्नेहल: त्यापेक्षा मला फोन करा, मी खाली येऊन गाडी ढकलून देईन.