बाळ झोपलेलं असताना मांजरीला लांब कसं ठेवायचं? (ऐरोली, वन बीएचके)

ऐरोलीचा बाबा:
बायको आणि बाळ शुक्रवारी दवाखान्यातून घरी येतील. घरात चिंगी आहे, चार वर्षांची मांजर. पिल्लू असताना पार्किंगमध्ये सापडली, तेव्हापासून आमचीच. पाळणा आणून ठेवल्यापासून ती दुपारची त्यातच झोपते. आई म्हणते, मांजर बाळाचा श्वास ओढतं, तिला मार्केटजवळ सोडून ये. ते माझ्याने होणार नाही. पण बाळाला काही झालं तर, या विचाराने डोळा लागत नाही. बेडरूमचं दार लावलं तर आत उकडतं. पाळण्यावर मच्छरदाणी टाकली तर पुरेल का?

नौपाड्याची आजी:
मच्छरदाणीच्या भरवशावर अजिबात राहू नकोस. ती डासांसाठी असते. तीन-चार किलोच्या मांजरीने वरून उडी मारली की जाळी खाली बसते आणि मांजर जाळीसकट बाळाच्या अंगावर येते.

श्वास ओढणं वगैरे काही नसतं. पण आईची भीती उडवून लावू नकोस. मांजर ऊब शोधतं, आणि दुपट्यात गुंडाळलेलं बाळ उबदार असतंच. ती तोंडाला टेकून झोपली तर एवढ्याशा जिवाला ना तिला ढकलता येत, ना नाक नीट मोकळं करता येत. म्हणून आमच्याकडे एकच नियम होता: बाळ झोपलंय आणि शेजारी मोठं माणूस जागं नाही, तर मधे बंद दार. ‘लक्ष ठेवू’ म्हणून भागत नाही, बाळंतिणीच्या घरात सगळेच पेंगतात.

उकाड्याचं म्हणशील तर नातवाच्या वेळी आम्ही बेडरूमच्या चौकटीला दुसरं, जाळीचं दार बसवून घेतलं. नेटलॉन नको, मांजर ते कोपऱ्यातून नखांनी फाडतं. स्टीलची जाळी घे, खालचा वीतभर भाग प्लायचा कर आणि कडी वर लाव. आमचा बोका फटीत पंजा घालून दार ओढायचा. जाळीतून वारा येतो, बाळाचं रडू ऐकू येतं, आणि मांजरीलाही आतलं दिसत राहतं, वास येत राहतो, त्यामुळे ती बावरत नाही. मात्र कडी घालण्याआधी प्रत्येक वेळी पलंगाखाली, कपाटावर, दुपट्यांच्या ढिगात बघायचं. ती आतच राहिली तर दार असून नसल्यासारखं.

आणखी एक. मालिशवाली बाई धुरी करू म्हणेल. नको म्हण. धूर बाळाच्या फुप्फुसांना वाईटच, आणि निखाऱ्यांची शेगडी जमिनीवर असताना मांजर पायात आली तर काय होईल, याचा विचारही करवत नाही.

खारघर, लॅब्रेडॉरवाले:
आजींशी सहमत. आम्ही दवाखान्यातून बाळाचं वापरलेलं दुपटं आधी घरी आणून कुत्र्याला हुंगायला दिलं होतं, तुम्हीही करा. चिंगीची रेबीजची लस आणि जंताचं औषध वेळेवर झालंय ना, ते शुक्रवारच्या आत व्हेटकडे तपासून घ्या, नखंही कापून आणा. कधी चावली किंवा ओरखडा काढला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि थेट हॉस्पिटल गाठा. हळद, चुना काही लावायचं नाही. बाळ लहान आहे म्हणून रेबीजची लस टाळत नाहीत.

ऐरोलीचा बाबा:
सुताराशी बोललो, उद्या माप घ्यायला येतोय. आईसुद्धा जाळीच्या दाराला तयार झाली, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. पण चिंगी रात्री दाराशी ओरडत बसेल. बायकोला झोप हवी.

नौपाड्याची आजी:
पहिले काही दिवस ओरडेलच. म्हणून शुक्रवारची वाट बघू नकोस. पाळणा आजच बेडरूममध्ये ने आणि आहे ते दार लावून घ्यायला लाग. जाळीचं होईल तेव्हा होईल. बाळ आलं म्हणून दार बंद झालं, असं तिच्या डोक्यात बसायला नको. तिचं अंथरूण हॉलमध्ये उंचावर कर, वॉशिंग मशीनवर वगैरे. रात्री आधी दोरीशी खेळवून दमव, मग खायला घाल. पोट भरलं की ती झोपेल. ओरडली म्हणून एकदा जरी दार उघडलंस, तर रोज ओरडेल.

पाळण्यात उशी-लोड काही नको, बाळाला उताणंच झोपवा. आणि दिवसा तू बाळ मांडीवर घेऊन बसलास की चिंगीला जवळ येऊ दे. पाय हुंगू दे, तोंड चाटू देऊ नकोस.