वायुशोधक, घ्राणक की संवेदक?

फोंडा : मुलाच्या विज्ञान प्रदर्शनाचा फलक लिहितेय. हवेतला घातक वायू टिपणारी नखाएवढी चिप. मी ‘वायुशोधक’ लिहिलं, तर तो म्हणतो, “आई, हा एअर प्युरिफायर ना?”

डिचोली : बरोबर बोलला. शोधणे म्हणजे हुडकणे, पण जलशोधन, रक्तशोधक यांतलं शोधन म्हणजे शुद्ध करणे. ‘संवेदक’ लिहा, सेन्सरला तोच शब्द.

म्हापसा : संवेदक फार सरकारी वाटतो. ‘घ्राणक’ का नको? आपली ‘घाण’ घ्राणातूनच आलीय. कोकणीत तर आजही ‘घाण मारता’ म्हणजे वासच.

वेर्णा : घ्राणक कानाला गोड, पण नाक वास ओळखतं, ही चिप ओळखत नाही. आत कथलाच्या ऑक्साइडचा थर असतो (वैद्यांच्या वंगभस्माचा भाऊबंद), २०० ते ४०० अंशांपर्यंत तापवलेला. हवेतला ऑक्सिजन त्यावर बसून इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, म्हणून विजेला रोध जास्त. ज्वलनशील वायू आला की त्या ऑक्सिजनशी त्याची गाठ पडते, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध उतरतो. बस्स. कोणता वायू, ते तिला ठाऊक नाही.

गेल्या एप्रिलात आमच्या स्वयंपाकघरातला गॅसचा अलार्म कोकलायला लागला. सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, रेग्युलेटरला साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा नाही. शेवटी खालच्या फळीवर भावोजींची हुर्राकची (काजूच्या दारूची) बाटली सापडली, बूच न लावलेली! दारूची वाफही अलार्मला ज्वलनशील वायूच. एलपीजी जड, खाली साचतो, म्हणून अलार्मही तिथंच होता.

डिचोली : म्हणजे चाहूल लागते, ओळख पटत नाही.

म्हापसा : मग ‘चाहूलक’ म्हणा!

वेर्णा : नको हो. पण घ्राणक नको याला आणखी एक कारण. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास असतो, पण दशलक्षात १०० भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. आम्ही कामावर कॉलरला डिटेक्टर लावतो तो यासाठीच (तो वेगळ्या जातीचा, विद्युत-रासायनिक). जिथं नाक दगा देतं तिथल्या वस्तूला नाकाचं नाव कशाला?

म्हापसा : हे पटलं. घ्राणक मागे.

डिचोली : चिपला ‘वायुसंवेदक’ आणि भोंग्यासकट अख्ख्या डब्याला ‘वायुसूचक’, असं वेगळं ठेवा.

फोंडा : तसंच लिहिते. मुलगा विचारतोय, प्रात्यक्षिकाला हुर्राक नेऊ का? म्हटलं, सॅनिटायझर घेऊन जा.