समुपदेशनाला चोचले म्हणणाऱ्या काकांना उत्तर

पूर्वभाग: काल आपल्या सोलापूरच्या या फोरमवर एका काकांनी लिहिलं, "आमच्या वेळी कसले समुपदेशक? मैदानाला चार फेऱ्या मारल्या की डोकं शांत व्हायचं. कॉलेजात समुपदेशन म्हणजे आताच्या पोरांचे चोचले." रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय.

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. वडिलांचा यंत्रमाग कारखाना बंद पडला, आईच्या विड्यांवर घर चाललं होतं आणि माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं. धीर करून कॉलेजच्या समुपदेशन कक्षात गेले. कक्ष म्हणजे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायची खोली. दारातच टेबल, त्यावर रजिस्टर: नाव, वर्ग, रोल नंबर, समस्या, सही. माझ्या वरच्या ओळीत आमच्याच वर्गातल्या मुलीचं नाव, पुढे "प्रेमप्रकरण". मी "डोकेदुखी" लिहिलं. मॅडम स्वभावाने चांगल्या, पण आम्हाला कॉस्टिंग शिकवणाऱ्या. अर्धा तास बोलले. घरी पोचले तर वडील दारातच उभे. मॅडमनी काळजीपोटी फोन करून सगळं सांगितलं होतं. पुढचा महिनाभर मला कॉलेजला सोडलं नाही.

जुना एनसीसी: ते काका मीच. तुमच्या बाबतीत झालं ते चुकलंच. पण यातून माझंच म्हणणं खरं ठरतं, तो कक्ष नसता तर हे झालं नसतं. मी दोन पोरं वाढवली. पेपर अवघड गेला की टेन्शन, मोबाईल काढून घेतला की टेन्शन. रडायला खोली दिली की पोर रडायलाच शिकतं.

मोहोळची एसटी: काय बे काका, फेऱ्यांनी सगळं बरं होतं? माझा रूम पार्टनर कबड्डीत जिल्ह्याला खेळलेला. रोज शंभर जोर मारायचा. बापाच्या डोक्यावर कर्ज, हा तीन आठवडे झोपला नाही. मध्यरात्री गच्चीवर बसायचा. शेवटी मीच १४४१६ लावून फोन त्याच्या कानाला धरला. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन आहे, २०२२ पासून, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. पाऊण तास बोलला आणि खाली येऊन झोपला. हा नंबर आमच्या कॉलेजात एका भिंतीवरसुद्धा नव्हता.

तासिकावाले सर: त्या मॅडमना सगळे दोष देतील, म्हणून बोलतो. मी तासिका तत्त्वावर शिकवतो. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत शून्य. त्यातच पंचवीस मुलांचा मेंटॉर. नॅक, म्हणजे कॉलेजला दर्जा देणारी समिती, आली की फायली रात्री बसून भरायच्या. समुपदेशन आम्हाला कोणी शिकवलं? माझ्या यादीतली एक मुलगी दर चार-पाच दिवसांनी गैरहजर. मी "अनियमित, समुपदेशन आवश्यक" असा शेरा मारला. मग कळलं, त्यांच्याकडे नळाला पाणी येतं तो तिचा दिवस. रात्री दोनला उठून बॅरल भरते, सकाळी डोळे उघडत नाहीत.

हद्दवाढकर: आता खरं दुखणं निघालं! उजनी धरण भरलेलं असलं तरी आमच्या हद्दवाढ भागात पाण्याची वाट बघण्यातच आठवडा जातो. पाणी रोज आलं तर निम्म्या पोरांचं टेन्शन आपोआप जाईल.

जुना एनसीसी: लाईनला मोटर लावून ओढता, म्हणून शेवटच्या घराला थेंब मिळत नाही.

हद्दवाढकर: मोटर लावली नाही तर घागरभर मिळत नाही! तुमच्या पेठेत दाब असतो, तुम्हाला काय कळणार? एक दिवस रात्री येऊन बघा. माझी बायको मणक्याचा त्रास घेऊन पायऱ्यांवरून घागरी चढवते.

मोहोळची एसटी: आमच्या वाडीत तर टँकर...

पूर्वभाग: पाण्याचं दुखणं खरंय, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. त्या मुलीच्या घरी उद्या पाणी आलं तरी तिचं ऐकून घेणारं माणूस लागेलच.

मोहोळची एसटी: सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमा. चोचल्यांसाठी कोर्ट आदेश देत नाही काका.

जुना एनसीसी: बरं, नेमा शिकलेला माणूस. तेवढं मान्य. पण आईबापाला कळवायचं नाही, हे मला पटणार नाही. माझ्या पोरीच्या मनात काय चाललंय ते मला कळलंच पाहिजे.

तासिकावाले सर: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, कलम २३. जिवाला धोका असेल तर त्यात सूट आहे. हे मलाही नोकरी लागल्यावर सहा वर्षांनी कळलं.

पूर्वभाग: काका, माझ्या जिवाला धोका नव्हता. मला परीक्षा द्यायची होती आणि हे घरी कसं सांगायचं, तेवढंच विचारायचं होतं. आम्ही घरी तेलुगू बोलतो. वडिलांना मी माझ्या भाषेत, माझ्या वेळेला सांगितलं असतं. ते माझ्या आधी मॅडमनी मराठीत सांगितलं. तुमच्या पोरीला तुम्हाला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. नाही वाटलं तर रजिस्टरवर डोकेदुखी लिहील.

गेल्या महिन्यात गुणपत्रक आणायला गेले होते. टेबल अजून दारातच आहे. रजिस्टर नवं आहे, रकाने तेच.