आठवी ते दहावी, फोन जमा : शाळेच्या मसुद्यावर आपलं उत्तर

सेक्रेटरी, बी-३०१
मंडळी, शाळेने आठवी ते दहावीच्या पालकांना मोबाईलबंदीचा मसुदा पाठवलाय. मोजून दोन ओळी: 'विद्यार्थ्यांनी शालेय वेळेत मोबाईल वापरू नये. आढळल्यास जप्त करण्यात येईल व वर्षअखेरीस परत मिळेल.' सूचना सोमवारपर्यंत लेखी द्यायच्यात. चारही विंगमधली मुलं तिथे जातात, तर सोसायटीचं एकच पत्र देऊ. मुद्द्याचं लिहा. गुड मॉर्निंगची फुलं आज नकोत.

ए-४०४, सर
मसुद्यात मुख्य गोष्टच राहिली आहे. फोन शाळेत आला की ठेवायचा कुठे, ताबा कोणाचा आणि परत कधी? 'वापरू नये' म्हणायचं आणि दप्तरात राहू द्यायचा, म्हणजे मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहात रांग लागणार. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत फोन वापरायला मनाई केली, पण फोन जवळ राहू शकत होता. शेवटी २०२४ मध्ये सुमारे २०० शाळांत 'आल्या आल्या जमा करा' असा वेगळा प्रयोग करावा लागला. त्यांची सहा वर्षं गेली, ती आपण वाचवू.

डी-१०२
सर, पण याने होतं काय? बर्मिंगहॅम विद्यापीठाचा २०२५ चा अभ्यास आहे. ३० शाळा, १,२२७ मुलं. बंदीच्या आणि बिनबंदीच्या शाळांतल्या मुलांच्या मनःस्वास्थ्यात फरक सापडला नाही. शाळेत वाचलेला वेळ मुलं घरी वसूल करतात.

ए-४०४, सर
बरोबर. त्याच अभ्यासात हेही आहे की फोनचा एकूण वेळ जितका जास्त, तितकी झोप आणि वर्गातली वागणूक खालावलेली. म्हणून बंदीकडून मन:शांती मागू नका, तास मागा. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालानुसार एकदा लक्ष उडालं की पुन्हा लागायला २० मिनिटांपर्यंत वेळ जाऊ शकतो. आपला तास ३५ मिनिटांचा. पहिल्या दहा मिनिटांत एक नोटिफिकेशन वाजलं की उरलं काय?

बी-६०२
टँकर आला का हो? बी विंगला पाणी नाही.

सेक्रेटरी, बी-३०१
काकू, मेंटेनन्सच्या ग्रुपवर टाका. ११ ला येतोय.

ए-४०४, सर
आता जमा करण्याचं. गेटवर एक टेबल टाकून शिपायाकडून फोन घ्यायचा विचार असेल तर तो सोडायला सांगा. नाव शोधणे, फोन घेणे, टोकन देणे यात एका मुलाला १५ सेकंद धरा. ४८ च्या एका वर्गाला १२ मिनिटं. अशा आठ तुकड्या असल्या तर दीड तासाच्या वर. प्रार्थना, पहिला तास, दुसरा तास, सगळं गेटवरच.
जमा वर्गात करावं. दाराला लावायचं खिशांचं कापडी चप्पल-स्टँड मिळतं ना, तसं प्रत्येक वर्गाला शिवून घ्यायचं. खिसा २० × १० सेंटिमीटर, त्याहून लहान नको. कव्हर घातलेला मोठा फोन साडेसतरापर्यंत जातो. खिशावर हजेरी क्रमांक. मूल स्वतः फोन बंद करून आपल्या खिशात घालेल, हजेरी होईपर्यंत चार मिनिटांत काम संपतं. मग वर्गशिक्षक मोजतील आणि वहीत लिहितील: हजर ४६, फोन ३१, फोन आणला नाही १५. बेरीज जुळली पाहिजे. खाली सही.

सी-२०४
आणि ते कापड वर्गातच लटकत ठेवायचं?

ए-४०४, सर
अजिबात नाही. पी.टी.ला वर्ग रिकामा झाला की चोरीला आमंत्रण. गुंडाळून पत्र्याच्या पेटीत, कुलूप, आणि पेटी त्याच मजल्यावरच्या कपाटात. 'त्याच मजल्यावरच्या' हे पत्रात ठळक लिहा. कव्हरसकट एक फोन २२० ग्रॅमच्या आसपास भरतो. ३१ फोन म्हणजे पावणेसात किलो, वर पेटीचं वजन. हे ओझं मॉनिटर मुलांना जिन्यावरून उचलायला लावतात, पेटी आपटते, आणि मग ३१ पालक स्क्रीनचे पैसे मागायला येतात.
फोन बंद म्हणजे स्विच ऑफ. सायलेंट नव्हे. ३१ फोन कपाटात थरथरू लागले की शेजारच्या वर्गाला ऐकू जातं. काही हँडसेट बंद असतानाही अलार्मला जागे होतात, तेव्हा शाळेच्या वेळेतले अलार्म घरीच काढून टाका. आणि त्या कपाटात कोणी चार्जिंगचा बोर्ड लावू देऊ नका. बंद पेटीत एकावर एक रचलेले फोन चार्ज करणं म्हणजे उष्णता कोंडणं. फुगलेली बॅटरी त्यात असली तर आगीला निमित्त पुरे.

ए-७०३
मुलं जुना खटारा फोन जमा करतात आणि खरा बुटात ठेवतात. हे सगळ्यांना माहीत आहे, शाळा सोडून.

बी-५०४, ताई (मोबाईलचं काम)
काका, त्यावर उपाय आहे. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून एक फॉर्म घ्यायचा: मॉडेल, रंग आणि आयएमईआयचे, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे. फोनवर *#०६# दाबलं की पंधरा आकडी नंबर दिसतो. दोन सिमच्या फोनवर दोन नंबर येतात, फॉर्मवर पहिला लिहायचा आणि दरवेळी पहिलाच तपासायचा. नाहीतर उगाच मुलाला खोटं ठरवाल. पंधरा दिवसांतून एकदा कोणतेही पाच फोन मुलासमोर सुरू करून पडताळायचे. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर लॉक न उघडताही इमर्जन्सीच्या डायलपॅडवरून हा नंबर निघतो. पासवर्ड विचारायची गरज नाही, विचारूही नये.
सिमवाली घड्याळंही त्याच फॉर्मवर घ्या. फोन जमा आणि मनगटावर चॅट चालू, असं होतं.

डी-१०२
हे सगळं करण्यापेक्षा फोनवरच लॉक लावला तर?

बी-५०४, ताई
लावा, पण जमा करण्याच्या ऐवजी नव्हे, जोडीला. अँड्रॉइडवर फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या अ‍ॅपमध्ये 'स्कूल टाइम' आहे, त्यात वार आणि वेळ टाकायची. आयफोनवर सेटिंग्ज, स्क्रीन टाइम, डाउनटाइम. तिथे 'ब्लॉक अ‍ॅट डाउनटाइम' चालू केलं नाही तर पडद्यावर फक्त सूचना येते आणि मूल 'इग्नोअर लिमिट' दाबून पुढे जातं. स्क्रीन टाइमचा पासकोड वेगळा ठेवा. फोन उघडायचाच तोच ठेवला तर काय उपयोग? 'ऑलवेज अलाउड'च्या यादीत फक्त फोन राहू द्या, मेसेजेस काढा.
बहुतेक घरांत हे फसतं ते एकाच कारणाने. मुलाच्या हातातला फोन बाबांचा जुना असतो आणि त्यावर बाबांचंच जीमेल असतं. गूगलच्या दृष्टीने तो फोन पंचेचाळीस वर्षांचा माणूस वापरतोय, त्याला कोण अडवणार? फोटोंचा बॅकअप घ्या, फोन फॅक्टरी रिसेट करा, मुलाच्या खऱ्या जन्मतारखेचं खातं काढा, ते फॅमिली लिंकला जोडा आणि मगच फोन द्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

सी-२०४
पण अभ्यासाला फोन लागतोच ना. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत.

ए-४०४, सर
ते कोड वर्गात शिक्षकांनी एकदा स्कॅन करून प्रोजेक्टरवर दाखवायचे. ४८ मुलांनी ४८ वेळा करायचे नाहीत. 'असर' या शिक्षण पाहणीचे २०२४ चे आकडे बघा, ग्रामीण भारतातली १४ ते १६ वयाची मुलं. ८२.२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६. शहरात याहून फार वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही.
खरी मेख शाळेकडेच आहे. फळ्याचा फोटो रात्री नऊला ग्रुपवर टाकायचा आणि सकाळी म्हणायचं मुलांना फोन देऊ नका! गृहपाठ शेवटच्या तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत डायरीत उतरवून घ्यावा. ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर दुपारी तीनच्या आत, तेही पालकांच्या ग्रुपवर. दोन पानांची वर्कशीट छापूनच द्यावी. हा मुद्दा पत्रात पहिल्या क्रमांकावर हवा.

ए-७०३
शंभर टक्के.

डी-४०१, वकील ताई
जप्तीचं कलम बदलावंच लागेल. २८ फेब्रुवारी २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने शाळेतल्या फोनबाबत मार्गदर्शक तत्त्वं दिली. सरसकट फोन आणायलाच बंदी नको, पण वापरावर नियंत्रण हवं. सोय असेल तिथे आल्यावर जमा, जाताना परत. वर्गात वापर नाही. सामायिक जागेत आणि शाळेच्या वाहनात कॅमेरा, रेकॉर्डिंग नाही. सुरक्षितता आणि संपर्कासाठी मुभा, करमणुकीसाठी नाही. धोरण पालकांशी बोलून ठरवायचं. शिक्षा म्हणून ठरावीक काळासाठी फोन ठेवून घेता येतो, पण नियम स्पष्ट आणि न्याय्य हवेत. हा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नाही, पण शाळेसमोर ठेवायला भक्कम आहे.
'वर्षअखेरीस परत' हे टिकणार नाही. फोन आणि सिम पालकांच्या नावावर असतं, त्यावर बँकेचा ओटीपी येत असतो. असं सुचवू: पहिल्यांदा त्याच दिवशी सुटताना मुलाकडे परत, वहीत नोंद. दुसऱ्यांदा पालकांना बोलावून, पावतीवर सही घेऊन परत. तिसऱ्यांदा त्या सत्रापुरती फोन आणायची परवानगी रद्द. पैशांचा दंड नको, तो आईबापच भरतात. सर्वांसमोर अंगझडतीही नको. मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मनाई आहे.
आणि एक गंभीर. जप्त फोनची गॅलरी शिक्षकांनी उघडायची नाही. एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा आक्षेपार्ह व्हिडिओ असल्याचं कळलं तर 'पुरावा' म्हणून तो स्वतःच्या फोनवर घेऊ नये, मुख्याध्यापकांना पाठवू नये. असं साहित्य बाळगणं आणि पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या ६७-बी खाली गुन्हा होऊ शकतो. फोन बंद करा, पाकिटात घालून सील करा, वेळ लिहून दोघांनी सही करा आणि पोलिसांना कळवा. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, शाळेची अब्रू वगैरे नंतर.

सी-५०३, डॉक्टर
एक अपवाद पत्रात घाला. टाइप वन मधुमेहाच्या मुलांच्या दंडावर ग्लुकोज सेन्सर असतो, त्याचं रीडिंग आणि साखर उतरल्याचा अलार्म फोनवर येतो. ब्लूटूथचा पल्ला साधारण ६ ते १० मीटर. फोन मजल्याच्या टोकाच्या कपाटात गेला की अलार्म बंद. अशा मुलाचा फोन चालू स्थितीत वर्गातच, शिक्षकांच्या टेबलावर किंवा मुलाच्या कमरेच्या पाऊचमध्ये हवा, बाकी अ‍ॅप बंद. डॉक्टरांचं पत्र वर्षाला एकदा घ्यावं. पी.टी.च्या आणि बदली शिक्षकांनाही हे माहीत हवं. घोळ नेमका त्यांच्याच तासाला होतो.

डी-२०३, दादा (स्कूल बस)
सुटतानाचं बोला. फोन गेटवर परत दिले तर मुलं तिथेच उभी राहून मेसेज बघतात, बस हलत नाही, पुढच्या शाळेच्या फेरीला उशीर. वर्गातच शेवटच्या घंटेच्या पाच मिनिटं आधी परत द्या. बसमध्ये फोन दप्तरात. मागच्या सीटवर रील चालू असते आणि धाकट्यांचे चेहरे त्यात येतात.
बस अडकली तर पालकांनी मुलाला फोन करायचा नाही, ड्रायव्हरला तर मुळीच नाही. बसताईंना करायचा. त्यांचा नंबर प्रत्येक पालकाकडे असलाच पाहिजे. शाळेच्या परिवहन समितीत हे मांडा, समिती नियमानेच असते, फक्त बैठक होत नाही.

सी-२०४
आमच्याकडची मुलं सुटल्यावर थेट क्लासला जातात. फोनशिवाय कसं?

बी-५०४, ताई
कीपॅडचा साधा फोन. दीड हजाराच्या आसपास मिळतो, बॅटरी आठवडाभर पुरते. स्पीड डायलवर आई, बाबा, क्लास. मात्र सिमवर डेटा पॅक नको. तेच सिम मित्राच्या हँडसेटमध्ये घालून हॉटस्पॉट वाटतात.

बी-६०२
आला टँकर. आणि मुलांचं राहू द्या, रात्री जेवताना आपण काय करतो? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो, दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही-मोबाईल बंद. २०२२ पासून.

डी-१०२
काकू, आपल्याकडे भोंगा वाजवला तर ए विंग तक्रार करेल.

ए-७०३
करणारच.

सेक्रेटरी, बी-३०१
पुरे. पत्रात क्रम असा: गृहपाठ डायरीत, जमा वर्गात आणि पेटी त्याच मजल्यावर, नोंदणीचा फॉर्म, जप्तीच्या तीन पायऱ्या, डॉक्टरांचा अपवाद, परत घंटेच्या आधी पाच मिनिटं. खिशांच्या कापडाचा नमुना पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत सर घेऊन जातील. प्रिंट संध्याकाळी वॉचमनच्या टेबलावर ठेवतो, रविवारी रात्रीपर्यंत सह्या करा.
सी-२०४, तुम्ही *#०६# चा अख्खा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकलाय. डिलीट करा. शेवटचे चार आकडे, तेही फक्त फॉर्मवर.

सी-२०४
केलं. 'डिलीट फॉर मी' झालं बहुतेक.