'डारमॉक' : अशी भाषा असूच शकत नाही?

ताराकोश

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अंतराळ-मालिकेच्या पाचव्या सीझनचा दुसरा भाग, 'डारमॉक'. पहिल्यांदा दाखवला ३० सप्टेंबर १९९१ला. काल रात्री पुन्हा पाहिला. कितव्यांदा ते विचारू नका. शेकोटीपासून पुढचं नेहमीप्रमाणे धूसरच दिसलं.

न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात (शेवट फुटणार आहे, आधीच सांगतो): टामेरियन या परग्रहवासी लोकांशी शंभर वर्षांत सात वेळा गाठ पडली, पण त्यांचं बोलणं कुणालाच उमगलं नाही. भाषांतरयंत्र शब्द देतं, अर्थ देत नाही, कारण ही मंडळी सगळं आपल्या जुन्या कथांच्या दाखल्यांतून बोलतात. 'शाका, भिंती कोसळल्या तेव्हा' म्हणजे बेत फसला. त्यांचा कप्तान डेथन सरळ आपल्या 'एंटरप्राइझ' यानाच्या कप्तानाला, पिकार्डला, उचलून एल-अड्रेल या निर्जन ग्रहावर नेतो. तिथे एक हिंस्र प्राणी आहे. त्यांच्या कथेतले डारमॉक आणि जलाद टनाग्रा या ठिकाणी एकत्र लढले, तसं आपण दोघे लढू, म्हणजे आपली एक सामाईक गोष्ट तयार होईल, हा त्याचा बेत.

आता दर वेळी कुणीतरी उगवतं आणि म्हणतं, 'अशी भाषा असूच शकत नाही.' अहो, मग आपण काय बोलतो? 'विश्वास पानिपतात गेला' हे त्या यंत्रात घालून बघा. विश्वास हा माणूस होता, १४ जानेवारी १७६१ला पडला, हे त्याला कोण सांगणार? 'ध चा मा' घातलंत तर दोन अक्षरं बाहेर पडतील. नारायणरावाचा खून, आनंदीबाईंवरचा ठपका, 'धरावे'चं 'मारावे', यातलं काहीसुद्धा नाही.

पण खरं सांगू? हा भाग भाषाशास्त्रावर उभाच नाही, त्या शेकोटीवर उभा आहे. डेथन जखमी पडलाय, त्याला गोष्ट हवीय, आणि पिकार्ड गिल्गमेशची, म्हणजे ऊरुक नगराच्या राजाची प्राचीन कथा, सांगायला घेतो. कशी, ते ऐका: 'गिल्गमेश, राजा. गिल्गमेश, राजा, ऊरुकला.' एरवी घडीव, लांबलचक वाक्यं बोलणाऱ्या या माणसाने क्रियापद गाळलं! समोरच्याची भाषा अजून धड येत नाही, पण तिची चाल उचललीय. आणि डेथन पडल्या पडल्या पुटपुटतो, 'ऊरुकला.'

नट_बोल्ट

भाग मलाही आवडतो, पण पटकथाकार जो मेनोस्कीने गृहपाठ अर्धाच केलाय. हे लोक अवकाशयानं बांधतात. 'तो व्हॉल्व्ह अर्धा फेरा डावीकडे फिरव, दाब चौदाच्या वर जाऊ देऊ नकोस' हे कुठल्या कथेतून सांगणार? आणि पोराला शाकाची गोष्ट सांगायची तर साध्या शब्दांतच सांगावी लागेल ना? भिंत, हात, नदी, हिवाळा, सगळे शब्द आहेत त्यांच्याकडे. मग 'चल, बरोबर लढू' एवढं म्हणायला काय हरकत होती?

पानिपताचं काढलंतच म्हणून. 'दोन मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही' अशा अर्थाचं सावकारी पत्र पेशव्यांच्या हाती आलं, असं सांगतात. त्यांना ते कळलं, कारण मोती म्हणजे कोण याचा माग काढायला अख्खी मराठी पाठीशी होती. नुसत्या दाखल्यांची भाषा म्हणजे भिंतींशिवाय गच्ची.

रोखठोक

भाषेचं राहू द्या. माणसाला न विचारता पळवायचं, श्वापदापुढे उभं करायचं, वर सोडवायला निघालेल्या शटलवर मारा करून ती परत फिरवायची, आणि आपण याला 'संवादाची तळमळ' म्हणायचं? डेथन मेला म्हणून त्याचं सगळं माफ. डेथन झालेल्या पॉल विनफिल्डने त्या जाडजूड मेकअपच्या आडून जे काम केलंय त्याला मात्र मानलं.

चौथी_मिती

शेवटच्या वाक्याला +१. बाकी असहमत. ऐन झटापटीत एंटरप्राइझने पिकार्डला वर खेचायचा प्रयत्न केला, तो अधांतरी अडकला, आणि तेवढ्या वेळात प्राण्याने एकट्या डेथनला फोडून काढलं. त्याचा जीव गेला तो सोडवणाऱ्यांच्या घाईने.

जुना_वाचक

नट_बोल्ट, पोरांच्या मुद्द्यावर थोडं बोलतो. अंगावर दागिना नसला की 'लंकेची पार्वती' म्हणतात, हे मला सहाव्या-सातव्या वर्षी ठाऊक होतं. आजी म्हणायची, समोर बाई दिसायची, झालं. त्यामागची गोष्ट मला आजही धड सांगता येणार नाही. म्हणजे दाखला आधी येतो आणि गोष्ट मागाहून, कधी येतच नाही. पिकार्डचं तरी काय झालं? रात्री त्याला आग पेटवता येईना, तेव्हा डेथनने जळतं लाकूड त्याच्याकडे फेकलं, 'तेंबा, हात पसरून.' तेंबा कोण होता हे पिकार्डला शेवटपर्यंत कळलं नाही. 'घे' एवढं कळलं.

नट_बोल्ट

हे आवडलं. पण यात तुमचाच पाय अडकतोय, बघा. 'लंकेची पार्वती' म्हणताना डोळ्यांपुढे लंका येतच नसेल, तर तो दाखला उरला कुठे? तो साधा शब्द झाला. आणि साधा शब्दच असेल, तर सात भेटींत यंत्राला जमायला हवा होता. म्हणजे कथानक या बाजूने नाही पडलं तर त्या बाजूने पडतं.

ताराकोश

पकडलंत. याला माझ्याकडे उत्तर नाही, व्हॉल्व्हलाही नाही. २०२१मध्ये 'लोअर डेक्स' या स्टार ट्रेकच्याच कार्टून मालिकेने केशॉन नावाचा टामेरियन अधिकारी जहाजावर आणला, पण तो कारभार विनोदी, त्याची साक्ष काढत नाही.

तरी शेवट आठवा. पिकार्ड परत येऊन त्यांच्याच दाखल्यांत बोलतो, डेथनची वही परत करतो, आणि समोरचा अधिकारी म्हणतो, 'पिकार्ड आणि डेथन, एल-अड्रेलला.' दोन मिनिटांपूर्वी हा दाखला त्या भाषेत नव्हता.

रोखठोक

तेवढा शेवट आत्ता परत लावून पाहिला. पिकार्ड खंजीर पुढे करतो, 'तेंबा, हात पसरून.' तो अधिकारी म्हणतो, 'तेंबा, विसाव्याला.' म्हणजे राहू दे तुझ्याकडेच. छान आहे, नाही म्हणत नाही. पण 'तुम्हाला उचलून नेलं, चुकलं आमचं' याला टामेरियनमध्ये काय म्हणतात?

नट_बोल्ट

'तेमार्क नदी, हिवाळ्यात.'

(न पाहिलेल्यांसाठी: नदी गोठलेली. कप्तान सहकाऱ्याला गप्प बसवताना हे म्हणतो.)